पाटी नसलेले डोके

१२ ऑक्टोबर, रविवार. बांगडे साफ करायचे होते आणि संगणकावर गाडीच्या पुढच्या काचेवर पादचाऱ्याचे डोके आदळत होते. एका कंपनीसाठी मी घरबसल्या हेच गणित करते: काच कशी असली तर डोके वाचेल. बांगडे घेऊन आलेली मासळीवाली पडद्याकडे बघत राहिली. ती रोज माशांची पाटी डोक्यावर घेऊन हायवेच्या कडेने चालत येते.

"हेच्या डोक्यार पाटी खंय आसा?"

मी ऐटीत सांगितले, आमच्या गणितात डोके म्हणजे नुसता गोळा.

"मगे गाडयेवाल्याक सांग गो बाय, ठोकूच्या आधी पाटी उतरून घे म्हणान."

दहा वर्षे मी डोकी आपटतेय आणि दहा वर्षे तिच्याकडून मासे घेतेय, पण हे मला कधी सुचले नाही. नुसता गोळा माझ्याच खांद्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार, आमच्याकडे मासे नसतात. तरी सकाळी तिला हाक मारून मी तिची भरलेली पाटी वजनकाट्यावर ठेवली.

"तोललंस तर आता घे पण," ती म्हणाली.

घेतलेले बांगडे फ्रीजमध्ये टाकले, पाटीचे वजन गोळ्यावर चढवले आणि गणित पुन्हा पहिल्यापासून लावले.