ओल्या रंगातला झेंडा

आज इथे आखातात, अर्दियात, दुसऱ्याच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये, लाल रंगाचा डबा उघडला आणि त्या वासानंच डोकं सणकलं.

पूर्वी याच गल्लीत माझं स्वतःचं वर्कशॉप होतं. ते टिकवायला एका शाळेच्या बाकांचं काम मिळायलाच हवं होतं. शाळेचा साहेब गोरा, म्हणजे इंग्रज, असा आमचा कोकणी हिशेब. घासाघीस करून भाव ठरवत आणला होता. वर साहेबाला खूश करायला नमुन्याच्या बाकावर मी इंग्लंडचा झेंडा रंगवला, पांढऱ्यावर लाल क्रॉस.

"हा माझा झेंडा नाही. मी स्कॉटिश आहे. ब्रिटिश म्हण, इंग्लिश नको," साहेब म्हणाला.

माझा तोल गेला. "आमच्यावर राज्य करताना बरे सगळे एक होतात!"

तो गाडीकडे निघाला. मी फडक्यानं ओला क्रॉस पुसत ओरडलो, "ब्रिटिश, साहेब, ब्रिटिश!" रंग नुसता पसरला. गाडी गेली, काम गेलं, मग वर्कशॉपही गेलं.

तेव्हा मला तो गोऱ्याचा नखरा वाटला होता. आता इथला मालक "ए हिंदी!" म्हणून हाक मारतो; अरबीत हिंदी म्हणजे कुठलाही भारतीय. माझं नाव, माझं गाव त्याला ठणकावून सांगावंसं वाटतं. रागावणं त्या साहेबाला परवडत होतं, मला नाही. मी "येस, मुदीर", म्हणजे "हो, मालक", म्हणतो आणि धावतो.