रायरांच्या घरात दोरी नव्हती

रायरांच्या घरात दोरी औषधालासुद्धा सापडायची नाही. वाण्याच्या पुड्याला गुंडाळलेली सुतळीही ते उंबऱ्याबाहेरच सोडून फेकून देत. विहिरीच्या बादलीला साखळी, झोपाळ्याला साखळी, आणि कपडे वाळत घालायला लोखंडी तार. मैलापूरच्या खाऱ्या हवेत त्या तारेला बघता बघता गंज चढे आणि रायरांच्या पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे तिकडच्या धोतरावर, तांबूस पट्टे उमटत. दुसऱ्याच्या काचेवरचा एक ठिपका ज्यांना खपत नसे, ते गृहस्थ स्वतः असे डागाळलेले खुशाल हिंडत. आम्ही त्यांच्या माडीवर राहायला गेलो आणि मी गच्चीत नायलॉनची दोरी बांधली, तेव्हा ते अंगणातून वर बघत कितीतरी वेळ उभे राहिले. "हा म्हातारा आता दोरीवरून भांडण काढणार," असं मी विनयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटल्याचं आठवतं.

भांडण त्यांनी कधीच काढलं नाही. त्यांचं खरं नाव वेगळंच होतं, पण तंजावरकडच्या मराठी माणसाला तिकडे 'रायर' म्हणतात आणि सगळ्या गल्लीत तेच चालायचं. त्यांच्या तीन-चारशे वर्षं मुरलेल्या मराठीनं माझी पहिल्या दिवसापासून करमणूक केली. आपल्याशी कोणी बखरीतलं पान बोलतंय असं वाटे. "उदंड झालं, वैनी," असं ते ताटावर हात आडवा धरून म्हणत आणि त्याच दमात आतल्या थोरल्या बहिणीला तमिळमध्ये ओरडून ताक मागत. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि ही बहीण, अक्का, अशी दोघंच.

रायर इमारतींच्या काचा धुण्याची कंत्राटं घेत. दोन हजार सालानंतर महाबलीपुरमच्या जुन्या रस्त्यावर काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. रायर तिकडून बसने जाऊन आले की त्यांना रात्री जेवण जात नसे. वरून दोरांनी लोंबकळणारी माणसं त्यांना दिसत. अशातच विनयचा एन्नोरकडचा कारखाना बंद पडला. तो घरी बसला, माझी चिडचिड वाढली, आणि एका दुपारी रायर जिना चढून आले ते एक बशी घेऊनच. बशीत बोअरचं पाणी वाळून पांढरा थर बसला होता.

"पाहा. पाणी जाते, मीठ राहते. त्यालाच लोक डाग म्हणतात," ते म्हणाले. "मीठ काढून टाकलेलं पाणी काचेवर मारलं तर पुसायला नको. पुसायला नको तर वर माणूस कसाला? खाली उभं राहायचं, लांब काठी, वर ब्रश, ब्रशात पाणी. सरी?"

विनय त्या 'सरी'ला, त्या तमिळ 'बरं ना?'ला, भुलला. मीही भुलले म्हणा, कारण तो कितीतरी दिवसांनी हसला होता. शाळेची पोरं नेणारी एक जुनी व्हॅन आली. अंगणात गाळण्याची यंत्रणा बसली. बोअरचं पाणी तिच्यातून जाऊन वर आणखी एका राळेच्या नळकांड्यातून गाळलं जाई आणि मग व्हॅनमधल्या टाकीत पडे. गाळून उरलेलं खारट पाणी आम्ही फरशा धुवायला वापरायचो. शेजारच्या बायका कळशा घेऊन टँकरची वाट बघत आणि आमच्याकडे काचांसाठी पाणी गाळलं जाताना बघून तोंडं वाकडी करत. रायर छोटं मीटर पाण्यात बुडवत. आकडा शून्यावर आला की मुलाचा पेपर तपासल्यासारखे मान डोलवत.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते टाकी बसवण्यात. विनयचं म्हणणं, ठेवली टाकी, आवळले पट्टे, झालं. रायर हसले नाहीत. "हजार लिटर म्हणजे मागे हत्ती बसवून गाडी हाकायची," ते म्हणाले. "ब्रेक गाडीला लागतो. हत्तीला कोण थांबवील?" त्यांनी लोहाराकडून लोखंडी पिंजरा करून घेतला, व्हॅनच्या तळाला आरपार भोकं पाडली, खालून जाड पट्ट्या दिल्या आणि वरून नट आवळले. ड्रायव्हरच्या पाठीशी बोटभर पत्रा आणि त्याच्यामागे ते पाणी. मी एकदा पुढच्या सीटवर बसून बघितलं. मानेवर कोणी श्वास सोडतंय असं वाटलं आणि मी उतरले. त्या सीटवर, गाडी हाकणाऱ्या रायरांच्या शेजारी, माझा नवरा रोज बसणार होता.

तेव्हापासून रायरांचा एक नेम सुरू झाला. सकाळी आंघोळ, गंध, आणि मग पाना घेऊन पिंजऱ्याचा एकेक नट तपासायचा. शेवटी टाकीवर थाप मारून म्हणायचं, "बस, अप्पा. शांत बस." गल्लीच्या तोंडाशी गाडी गेली की मुद्दाम एकदा करकचून ब्रेक मारायचा आणि कान देऊन ऐकायचं. मीही गच्चीतून ऐकायची. मागून नुसतं डुचमळल्याचा आवाज आला की मी आत जाऊन कुकर लावायची. अक्कांना मात्र हे सगळं प्रकरण पसंत नव्हतं. "बांधून ठेवलेलं पाणी सुटायची वाट पाहत असते," असं त्या भाजी निवडता निवडता सहज म्हणाल्या.

दोरीचं कारणही मला अक्कांनीच सांगितलं. गोपू नावाचा त्या दोघांचा धाकटा भाऊ होता. रायरांनीच त्याला धंद्यात आणलं होतं. एका वर्षी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्यांनी कामाचा दोर देवीपुढे मांडला. त्या दिवशी मांडलेली हत्यारं दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा पूजा होईपर्यंत हलवायची नसतात. पण टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानाला दर्शनी काच धुवून हवी होती, आणि घाई होती. रायरांनी देवीपुढचा दोर उचलला. गोपूच्या कमरेला तो त्यांनी स्वतः बांधला. तो वरून पडला.

"गाठ सुटली की दोर तुटला?" मी विचारलं.

"मी विचारलं नाही. तू पण विचारू नको," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर वर्षभर धंदा बरा चालला. विनयचे दंड भरले, घरात दोन वेळा गोडधोड व्हायला लागलं, आणि ज्या इमारतीला रायरांची व्हॅन लागे तिथे कोणी दोरावर चढत नसे. रायर खाली उभे राहून ती लांब काठी चौथ्या मजल्यापर्यंत नेत. मान मागे टाकून बघणारा तो डागाळलेल्या वेष्टीतला माणूस मला फार आवडायला लागला होता.

मग पुढची आयुधपूजा आली. आदल्या दिवशीच टाकी भरून ठेवली होती. सकाळी रायरांनी पिंजऱ्याचे सगळे नट काढले, घासले, तेल लावलं आणि पान्यासकट थाळीत घालून देवीपुढे मांडले. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत कुठे हलणार नव्हतीच. व्हॅनला झेंडूची माळ घातली, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवून ती हातभर पुढे घेतली. दुपारी आम्ही सगळे अक्कांच्या हातचं सुंडल, म्हणजे ओलं खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, खात बसलो असताना फोन वाजला. महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीचा व्यवस्थापक होता. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि काचांवर सिमेंटचे ओघळ. रायर म्हणाले, आज जमणार नाही. पलीकडून उत्तर आलं, हरकत नाही, गच्चीवरून दोन माणसं दोराने सोडतो. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता.

रायर फोन ठेवून खुर्चीत बसले. मग उठले, देवघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले.

विनय रायरांना म्हणाला, "मामा, मी उचलतो नट. काय पाप लागायचं ते मला लागू दे."

"नको!" त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "एकदा उचललं होतं. पोदुम. पुरे."

विनय स्कूटरवरून नवे नट आणायला गेला. एकूण एक दुकानाला कुलूप आणि कुलपाला हळदकुंकू. तो हात हलवत परत आला. तेवढ्यात रायर जिन्याच्या खाली येऊन उभे राहिले होते.

"वैनी," त्यांनी हाक मारली, "दोरी आहे की?"

मी म्हटलं, "नाही." माझी दोरी तिथेच त्यांच्या डोळ्यांसमोर वाऱ्यावर हलत होती. "रायर, देवी काही म्हणणार नाही हो. ते नट घ्या, नाहीतर जाऊ नका."

"नाही गेलो तर तिकडे दोन गोपू चढतील," ते म्हणाले. मग वर येऊन त्यांनी स्वतःच गाठी सोडल्या. एकेक गाठ सावकाश सोडली. माझे ओले कपडे घडी करून टोपलीत ठेवले. इतक्या वर्षांनी ते दोरी हातात घेत होते, पण टाकीभोवती वेढे घालताना ती जुनी सवय कशी परत आली ते मी बघितलं. थाप मारून ते नेहमीसारखं म्हणाले, "बस, अप्पा."

विनय पुढच्या सीटचं दार उघडायला गेला. रायरांनी त्याचा हात धरला. "तू स्कूटरवर ये. मागून. लांबून."

"का?"

"येताना मला उशीर होईल. तुला वैनी वाट पाहील," ते म्हणाले आणि गाडीत बसले. गल्लीच्या तोंडाशी त्या दिवशी त्यांनी ब्रेक मारला नाही. मी ऐकत उभी होते.

अड्यारचा पूल ओलांडल्यावर एका बसथांब्याशी एक बाई मुलाला घेऊन रस्त्यात उतरली. एवढंच विनयने पुढे मला सांगितलं, आणि तेही कितीतरी दिवसांनी. रायरांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. बाई आणि मूल पलीकडे गेलेसुद्धा. पण गाडी थांबतानाच मागून एक आवाज झाला होता, मोठा नाही, दार लोटल्यासारखा. विनय पोहोचला तेव्हा टाकी पत्रा दाबून रायरांच्या सीटवर आली होती, व्हॅनच्या दारांच्या फटींतून पाणी वाहत होतं आणि लोक पाण्यात उभे राहून आत बघत होते. त्या इमारतीवर त्या संध्याकाळी कोणी चढलं नाही. विनयने तिथूनच फोन करून व्यवस्थापकाला सांगितलं होतं, आणि पाऊसही वाढला होता.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. घरात सुतक, त्यामुळे अक्कांना देवीला शिवता येईना. त्यांनी मला खाली बोलावलं. भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. "तू परकी," त्या म्हणाल्या. "तू उचल. आता वेळ झाली." मी फुलं वाहिली, दिवा ओवाळला आणि थाळी उचलली. नट तेलाने चकचकत होते, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. थाळी जड लागली. पाना मात्र मी थाळीतून काढून तिथेच राहू दिला.

विनयने पुढे दुसरी व्हॅन घेतली. तिचा पिंजरा तळाला वेल्डिंग करून जोडलेला आहे. त्यात काढायला काही ठेवलेलंच नाही. दर आयुधपूजेला आमच्या देवीपुढे रायरांचे तेवढे नट असतात आणि ते मी दुसऱ्या दिवशी उचलते. रायरांवर मला अजून राग येतो. चांगला सणसणीत येतो, आणि मग माझ्या नवऱ्याला धरून गाडीत चढू न देणारा तो हात आठवतो.

माझ्या गच्चीत आता लोखंडी तार आहे. साड्यांवर गंजाचे पट्टे पडतात. लिंबू लावून घासते, पण सगळे काही निघत नाहीत.