दोन पाळ्यांतले समानार्थी शब्द

सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या त्या खोलीत आम्ही आठ जण राहत होतो आणि खाटा चार होत्या. चौघे दिवसपाळीला, चौघे रातपाळीला, त्यामुळे खाटा पुरत. माझ्या खाटेचा दुसरा वाटेकरी हाच माझ्या मशीनचाही दुसरा ऑपरेटर होता. तो नंदुरबारकडचा, मी धुळ्याचा. एकाच खाटेवर झोपूनही आमची खोलीत गाठ क्वचितच पडे. गाठ पडे ती मशीनपाशी, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला.

सिल्वासात येण्यापूर्वी मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. आवृत्ती बंद झाली. ओळखीचा एक ठेकेदार सूतगिरणीसाठी माणसे नेत होता, त्याच्या गाडीत मी बसलो. वर्षभरात परत जाण्याचा विचार होता. तिसरे वर्ष सुरू झाले तेव्हा केंद्र सरकारच्या लिपिक भरतीची जाहिरात आली. माझ्या वयोमर्यादेत बसणारी ती शेवटची परीक्षा होती. जोडीदार माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दोघांनी अर्ज भरले.

आम्हाला भीती इंग्रजीची होती. सिल्वासाच्या बसस्टँडजवळच्या दुकानातून आम्ही समानार्थी शब्दांचे एक जाड पुस्तक घेतले. एका शब्दापुढे त्याच अर्थाचे पाच-सहा शब्द आणि शेवटी हिंदी अर्थ, अशी रचना. कारखान्यात फोन गेटवर जमा होत असे, म्हणून पुस्तकच हवे होते. पण एक जण मशीनवर असताना दुसरा खोलीवर असे, आणि पुस्तक तर दोघांनाही सोबत हवे होते. जोडीदाराने सूत कापायच्या पत्तीने पुस्तकाचे दोन भाग केले. ए पासून एल पर्यंत माझ्याकडे, एम पासून पुढे त्याच्याकडे. दोन महिन्यांनी अदलाबदल करायची.

माझ्यासाठी हा अभ्यास उलट्या दिशेचा होता. बातमीच्या टेबलावर एका अर्थाचे दोन शब्द आले की एक काढून टाकायचा, हे मी सहा वर्षे केले होते. आता प्रत्येक अर्थासाठी सहा शब्द साठवायचे होते, आणि ते कुठेही वापरायचे नव्हते. कारखान्यात हिंदी आणि गुजराती चाले, खोलीत अहिराणी. इंग्रजी फक्त मशीनवरच्या बटणांपुरते.

तरीही मशीननेच पाठांतर करून घेतले. त्यावर दोनशे सोळा जागा होत्या, प्रत्येक जागेवर सुताची एक तार सतत गुंडाळली जात असे. तार तुटली की लाल दिवा लागतो आणि ऑपरेटरने धावत जाऊन ती पुन्हा ओवायची असते. जोडीदाराने युक्ती काढली की प्रत्येक जागेला एक शब्द द्यायचा. सत्तेचाळीसवर दिवा लागला की ‘गॅरुलस’, आणि तार ओवून होईपर्यंत टॉकेटिव्ह, लोक्वेशस, व्होल्यूबल म्हणून संपवायचे. बारा तासांत शेकडो तारा तुटत. ज्या जागा नीट चालत, तिथले शब्द मात्र कच्चे राहत.

हॉलमध्ये खिडक्या नव्हत्या. आत दिवस आहे की रात्र हे फक्त पाळी सांगत असे. एका अर्थाच्या शब्दांत फिरणे मला काही दिवसांनी तसेच वाटू लागले. कितीही पुढे गेले तरी अर्थ तोच.

प्रवेशपत्रे आली तेव्हा दोघांची तारीख एकच निघाली. केंद्र सुरत, वार बुधवार. मशीन कुठल्याच वारी थांबत नसे, आणि सुट्टीचा नियम असा होता की ज्याला जायचे त्याच्या जोडीदाराने दोन्ही पाळ्या करायच्या, सलग चोवीस तास. त्याला डबल म्हणत. म्हणजे मला फक्त तोच सोडवू शकत होता आणि त्याला फक्त मी.

आम्ही दोघे सुपरवायझरकडे गेलो. तो उत्तरेकडचा, वाईट माणूस नव्हता. त्याने दोन्ही प्रवेशपत्रे वाचली.

“दोनों में से एक.”

“एका दिवसाचा प्रश्न आहे, साहेब,” जोडीदार म्हणाला, आणि मग तेच हिंदीत म्हणाला.

“मशीन को इंग्लिश नहीं आती, भाई. उसको आदमी चाहिए.”

न सांगता जाणे शक्य होते. पण मग गेटपास बंद होई, आणि खोलीही ठेकेदाराचीच होती. परीक्षेहून परतल्यावर राहायला जागा नसती आणि निकाल सहा महिन्यांनी लागणार होता.

त्या संध्याकाळी मशीन ताब्यात घेताना मी त्याला म्हणालो, “आपण एकमेकांना वीस-वीस शब्द विचारू. ज्याला जास्त येतील तो जाईल.”

तो हसला. “म्हणजे पेपराच्या आधी पेपर! चालेल, भो.”

माझी ही शेवटची संधी आहे, हे मी त्याला सांगितले नाही. सांगितले असते तर ते मागणे झाले असते.

दोन दिवसांनी सकाळी मी खोलीवर आलो. तो कामावर गेला होता आणि त्याच्याकडचा अर्धा भाग उशीखाली राहिला होता. अदलाबदल झाल्यावर ए ते एल आता त्याच्याकडे होते. मधल्या काळात तो तापाने आजारी होता, हे मला माहीत होते. पाठ झालेल्या शब्दाला तो समासात पेन्सिलने टिंब करी. मी पाने उलटली. टिंबे सी च्या शेवटापर्यंत होती. पुढे पाने कोरी. मी पुस्तक पुन्हा उशीखाली ठेवले आणि झोपलो.

शुक्रवारी तो अर्धा तास लवकर आला आणि मशीनपाशी उभे राहून आम्ही सुरुवात केली. आवाज एवढा की ओरडावे लागे.

“मिटिगेट!” तो ओरडला.

“अलिव्हिएट, अस्वेज, पॅलिएट!”

शेजारच्या मशीनवरचा एक जण कानातले बोळे काढून म्हणाला, “काय भो, इंग्रजीत भांडू राहिले का? मराठीत शिव्या संपल्या?”

जोडीदार कुठूनही विचारत होता. सुचेल तसे, कधी अवघड, कधी शाळेतलेसुद्धा. मी विचारले ते सगळे डी ते एल मधले. डॉसाइल. एफेमेरल. लेथार्जिक. ‘एफेमेरल’ला तो बराच वेळ मशीनकडे पाहत राहिला. तार तुटल्यासारखे वाटून त्याने दिव्यांकडेही पाहिले. मग मान हलवली. माझे अठरा बरोबर आले, त्याचे सात.

“जा,” तो म्हणाला. “बुधवारी मी डबल मारतो.”

बुधवारी सकाळी रातपाळी संपवून मी वापीहून सुरतला गेलो; पेपर संध्याकाळच्या सत्रात होता. इंग्रजीतले समानार्थी शब्द पाच होते. पाचही आले. गणितात वेळ संपला. गुरुवारी सकाळी आठला मी मशीनवर पोहोचलो तेव्हा तो चोवीस तास उभा होता. त्याचे पाय सुजले होते आणि त्याने चपला काढून ठेवल्या होत्या.

“कसा गेला?”

“इंग्रजी चांगलं गेलं.”

“जाणारच.” तो चपला घालू लागला. “सी च्या पुढचे माझे झाले नव्हते, तुला माहीत होतं ना? पुस्तक मी उलटं ठेवून गेलो होतो, परत आलो तर सुलटं.”

मी मशीनवरचे दिवे पाहू लागलो.

“तुझं वय संपतंय, हे फॉर्म भरताना मी पाहिलं होतं,” तो म्हणाला. “नुसतं म्हणायचं होतं रे, जाऊ दे मला. मी जा म्हणालो असतो.”

तो गेटकडे गेला. त्यानंतरही आम्ही एकाच खाटेवर झोपत राहिलो, कारण दुसरी नव्हती. पाळी बदलताना तो मशीनची स्थिती सांगे, किती तारा तुटल्या, कोणती जागा त्रास देते. शब्द विचारणे थांबले.

निकालाच्या यादीत माझा क्रमांक नव्हता.

पुढच्या भरतीला त्याने अर्ज भरला. तारीख आली तशी मी सुपरवायझरला जाऊन सांगितले की डबल मी करणार. जोडीदाराने मला विचारले नव्हते आणि आभारही मानले नाहीत. निघताना त्याने एवढेच सांगितले की एकशे तीनची तार जास्त तुटते.

संध्याकाळी आठ वाजता पाळी बदलली. बाकीच्या मशीनवर आंघोळ करून आलेली माणसे उभी राहिली आणि आधीची माणसे डबे घेऊन बाहेर पडली. सुपरवायझर रांगेतून फिरत माझ्यापाशी आला.

“तेरा जोडीदार गया?”

“गया.”

“और तेरा पेपर कब है?”

“हो गया,” मी म्हटले, आणि एकशे तीनवर तार ओवायला गेलो.