पगडीतला प्रयोग

मध्यभारतातली ती वर्षं आठवली की मला आधी ओल्या मातीचा वास येतो, मग हळूहळू माणसं दिसायला लागतात. मी तेव्हा कृष्णपुऱ्याजवळच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यातल्याही निम्म्या नळ्या फुटलेल्या. दसऱ्याला सरस्वतीपूजन झालं की मुलींनी आपापले प्रयोग मांडायचे आणि घरच्यांनी ते पाहायला यायचं, असं मी मोठ्या हौसेनं ठरवून बसले होते. वस्तू घरातल्याच हव्यात आणि रोजचं रोज वहीत लिहायला हवं, एवढीच अट.

सातवीतल्या एका मुलीनं गहू पेरले. एक कुंडी उजेडात, एक अंधारात. कुठले कोंब जास्त वाढतात ते फूटपट्टीनं मोजायचं. पोरगी अबोल आणि हट्टी. तिच्या हट्टाचं मला कौतुक होतं आणि त्याचाच रागही यायचा. एकदा कुंडीला पाणी घालता घालता तिनं सांगितलं, सातवीनंतर शाळा पुरे असं घरात चाललंय. वडील, म्हणजे आबा, प्रयोग बघतील आणि मग काय ते ठरवतील. त्या दिवसापासून माझाच जीव त्या गव्हात अडकला. अंधारातली कुंडी कुठं ठेवायची, घरात तर लहान भावंडांची फौज. देवघरात टोपलीखाली ठेव, तिथं कुणी हात लावणार नाही, असं मीच तिला सुचवलं.

आठव्या दिवशी ती वही घेऊन आली. म्हणाली, "बाई, अंधारातले तर दुप्पट लंबे झाले."

मी भडकले. उजेडाशिवाय रोप वाढतं कधी, नीट मोजून ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती एका बोटानं वाढलेला आकडा घेऊन आली. तेव्हा मी मुकाट्यानं पुस्तक काढलं आणि चूक माझीच निघाली. मग आम्ही दोघी पायरीवर बसून वाचत राहिलो. नदीवरून वारा येत होता, पानं उलटत होती, घंटा झालेली दोघींनाही कळली नाही. त्या दुपारइतकी शांत दुपार माझ्या नोकरीत पुन्हा आली नाही.

दसऱ्याला मात्र ती एकच कुंडी घेऊन आली, रडून डोळे सुजलेले. सकाळी आईनं घट उठवले. शेजारी टोपलीखाली घटातल्या कोंबांहून उंच, सोनेरी कोंब दिसले. देवी प्रसन्न झाली म्हणत तिनं तेच खुडले आणि घरभर वाटले. कोंब पुरुषांच्या पगड्या-टोप्यांत गेले, उरलेले शेजारी गेले. देवघर सुचवणारी मीच. नवरात्रात देवघरात गहू ठेवायला सांगणारी शहाणी म्हणून स्वतःला मनातल्या मनात लाख शिव्या दिल्या.

तेवढ्यात आबा आले. पिढीजात सरदारांच्या पदरी शिपाईगिरी केलेलं घर, आता हे कुठल्याशा कचेरीत कारकून. पण दसऱ्याची पगडी जुन्या डौलाची. आणि त्या पगडीत कोंबांचा तुरा. ती एकटक तिकडे बघत राहिली. सीमोल्लंघन झाल्याशिवाय तुरा काढायचा नाही, आणि चारचौघांत पगडी उतरवायची म्हणजे तर नामुष्की. मी घाबरत घाबरत त्यांना सगळं सांगितलं. ते मुलींच्या बुटक्या बाकावर बसले आणि त्यांनी लेकीपुढे मान वाकवली.

तिनं फूटपट्टी लावली. आकडा तिनं मोठ्यानं वाचला आणि लिहिला.

मान तशीच खाली ठेवून आबांनी विचारलं, "देवघरातले जास्त वाढले, तर मग चांगले तेच ना?"

"नाही, आबा. ते उजेड ढूंढत लांब झालेत. जोर नाहीये त्यांच्यात. अजून काही दिवस अंधारातच ठेवले असते तर मरून गेले असते."

आबांनी उजेडातल्या कुंडीतल्या बुटक्या, हिरव्यागार कोंबांकडे पाहिलं. मग उठले, मला नमस्कार केला आणि विचारलं, "बाईजी, आठवीची पुस्तकं कुठं मिळतात?"