सातुर्निनानं बाजूला काढलेलं तेल

महागाईचा मला राग येतो. रडू येतं, आणि कधीकधी हसूसुद्धा येतं. ज्या पैशात अंड्यांचा अख्खा ट्रे यायचा, त्यात आता अर्धाही येत नाही, आणि त्याबद्दल गिऱ्हाईक माझ्यावर असं डाफरतं, जणू कोंबड्यांना मीच फितवलंय! हे सगळं एक वेळ सोसेन. पण आता मला माणसांचीच किळस यायला लागलीय. सकाळी फळी मांडताना समोरून ओळखीचा चेहरा आला की मी तोंड फिरवते. असं का, ते सांगायचं तर सातुर्निनाबद्दल सांगावं लागेल.

सातुर्निना कालिसाया. ला पाझच्या वरच्या चढावर आमचा सान होसे बाजार आहे, तिथे तिची फळी माझ्या फळीला लागूनच. मी पेत्रोना, अंडीवाली. तिच्याकडे तांदूळ, साखर, शेवया, तेल. तिच्याआधी त्याच जागेवर तिची आई बसायची. सातुर्निनाचा जन्म तिथेच पोत्यांवर झाला असं ती सांगायची. खरं खोटं देव जाणे, पण पोत्यांवर झोप मात्र तिला छान लागायची. दुपारी घोरायला लागली की माझी गिऱ्हाइकं दचकायची.

स्वभावानं गोड होती असं मी म्हणणार नाही. एक नंबरची खवट बाई! कुणी जास्त घासाघीस केली की म्हणायची, "एवढं परवडत नसेल तर नवऱ्याला विक, मग ये." डोक्यावरची टोपी कायम एका कानावर, वेण्या पाठीवर, आणि तोंडात सतत काहीतरी बडबड. पण मापाला पक्की. आणि माप झाल्यावर वरची मूठ.

आता ही वरची मूठ म्हणजे आमची यापा. आमच्याकडे रोजचं गिऱ्हाईक विकणारीला कासेरा म्हणतं आणि विकणारीही गिऱ्हाइकाला कासेराच म्हणते. एकदा कासेरा झालं की झालं. तू माझ्याकडूनच घ्यायचं, दुसऱ्या फळीकडे बघायचंसुद्धा नाही, आणि मी तुला माप भरून झाल्यावर वर मूठभर घालायचं. गिऱ्हाईक लाडानं म्हणतं, "यापा घाल ना गं, कासेरिता." आपण तोंड वाकडं करायचं आणि घालायचं. लेखी काही नाही, ठरवून काही नाही. लग्नापेक्षा बरं चालतं.

ह्या वर्षी भाव असे काही सुटले की बाजाराचं तोंडच बदललं. तांदूळ दुप्पट. तेलाची बाटली बाराची पंचवीसला, तीही मिळाली तर. मग बायकांनी काय काय उद्योग सुरू केले म्हणून सांगू! एकीच्या मापाच्या डब्याला आतून पोचा आला. दुसरीनं जुना, किडका तांदूळ चाळून नव्यात मिसळला. मी नाक मुरडलं तर मलाच म्हणते, "तुझं बरं आहे बाई, अंड्यात कोण काय मिसळणार?"

आमच्या विक्रेत्या मंडळाची प्रमुख रेमेदियोस, सगळ्या तिला मानानं दोन्या म्हणतात. अंगठ्यांनी बोटं भरलेली, आवाज फाटका. तिनं सगळ्यांना जमवून सांगितलं, "आजपासून यापा बंद. जी घालेल तिला दंड."

सातुर्निना पोत्यावरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तांदूळ माझा, मूठ माझी. तुझं काय जातंय?"

"तू घालतेस म्हणून सगळ्यांना घालावी लागते."

"मग तुम्हीही घाला. नाहीतर अंगठ्या विका."

बायका हसल्या. रेमेदियोस हसली नाही. त्या दिवसापासून ती येताजाता सातुर्निनाच्या फळीखाली नजर टाकून जायची.

मग तेलच नाहीसं झालं. ट्रक यायचा तो बाजारात पोचायच्या आधीच रिकामा. कुणी म्हणे सीमेपलीकडे दाम दुप्पट मिळतो, कुणी म्हणे गोदामांत कुलूपबंद आहे. साठेबाजांची तपासणी सुरू झाली. प्रवेशद्वारावर पुठ्ठा लागला: माल लपवणाऱ्याची जागा काढून घेतली जाईल. बरोबर आहे, मी म्हटलं. चोरांना हाकललंच पाहिजे.

आणि नेमकी तेव्हाच सातुर्निनाला चार खोकी तेल मिळालं. तिच्या मानलेल्या लेकीचा नवरा ट्रकवर आहे, त्यानं जुन्या भावात दिलं. दुसरी कुणी असती तर पोरींची लग्नं उरकली असती त्यात. ही बया म्हणते, "माझ्या कासेरांना देते. बाराला."

"बाराला?" मी ओरडलेच.

"जुन्या भावात मिळालं, जुन्या भावात देते. त्यातच माझे दोन पैसे सुटतात." असं म्हणाली आणि शालीच्या काठाचे लोकरीचे धागे ओढायला बसली. लाल, हिरवे, पिवळे, जांभळे. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक. लाल पाववाल्याच्या बायकोची, पिवळी जिन्याशेजारच्या म्हातारीची, हिरवी शाळेतल्या ग्रिसेल्दाबाईंची. मेंढरं ओळखायला आम्ही कानात लोकर बांधतो ना, तसं. मग चारही खोकी फळीखाली ढकलली आणि वर घोंगडी टाकली. उघड्यावर एक बाटली दिली असती तर अख्खा बाजार अंगावर आला असता, म्हणून तिनं सगळ्या कासेरांना शनिवारी उजाडता बोलावलं.

मी म्हटलं, "निदान आगाऊ पैसे तरी घे. हातात काहीतरी असू दे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर. "कासेराकडून आगाऊ? आई उठून येईल माझी थडग्यातून!"

ग्रिसेल्दाबाई त्याच संध्याकाळी आल्या होत्या. शाळेत शिकवतात, बोलणं एकदम मऊसूत. वीस वर्षांपासूनची कासेरा. त्यांनी सातुर्निनाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "तुझ्यासारखी तूच गं. आईला तळलेलं काही घालून किती दिवस झाले. देव तुला काही कमी पडू देणार नाही." डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. मी पाहिलं ते पाणी. आता वाटतं, ते कुठल्या नळाचं होतं कोण जाणे.

शनिवारी उजाडता सगळ्या आल्या. थंडीनं कुडकुडत, पिशव्या काखेत मारून, आपण सहजच आलोय असं दाखवत. आणि त्यांच्या मागोमाग तपासणीवाले आले. सरळ सातुर्निनाच्या फळीपाशी. इकडे नाही, तिकडे नाही, सरळ तिथेच. कुणी सांगितलं असेल ते मी बोलत नाही, पण अंगठ्यांचा खुळखुळाट मला ऐकू येत होता.

साहेबानं घोंगडी ओढली. "हा काय साठा?"

तेल दिसलं आणि बाजार पेटला. कुठून कुठून माणसं धावली. "साठेबाज! आमची पोरं उपाशी आणि ही बसलीय तेलावर! हाकला हिला!" एकानं बटाटा फेकून मारला. तो माझ्या अंड्यांवर पडला.

सातुर्निना शांत होती. पहिल्यांदाच मी तिला शांत पाहिलं. म्हणाली, "साहेब, हे माझं नाही. कासेरांचं आहे. जुन्या भावात द्यायचंय. ही लोकर बघा, ज्याची त्याची खूण आहे. त्या सगळ्या इथेच उभ्या आहेत, विचारा."

साहेब काही राक्षस नव्हता. थकलेला माणूस, नाक वाहत होतं. म्हणाला, "पावती आहे? आगाऊ रक्कम?"

"नाही."

"मग त्यांनी सांगू दे. एकीनं जरी सांगितलं की हो, माझी बाटली ठेवली होती, तर मी जातो. नाहीतर माल जप्त आणि जागेला सील." तो गर्दीकडे वळला. "आहे का कुणी?"

एकीनं! एकीनं तोंड उघडायचं होतं फक्त!

पाववाल्याची बायको आपले बूट बघायला लागली. जिन्याशेजारची म्हातारी, जी एरवी दोन गल्ल्यांपलीकडचं ऐकते, ती अचानक बहिरी झाली. एकीला फोन आला, न वाजताच. कारण हो म्हणावं तर गर्दी आपल्यावरही उलटणार, आम्हाला नाही आणि तुम्हाला बाजूला काढून ठेवलेलं, काय? एवढ्या भीतीपायी सगळ्यांची दातखीळ बसली.

सातुर्निना ग्रिसेल्दाबाईंकडे बघत होती. हात जोडले नाहीत, नुसती बघत होती. साहेबानं ती नजर हेरली. "बाई, तुम्ही? तुमचं ठेवलं होतं का काही?"

ग्रिसेल्दाबाईंनी गळ्यातला रुमाल सारखा केला. "मी? मी तर अंडी घ्यायला आलेय."

माझ्याकडे बोट दाखवून! वीस वर्षांत ह्या बाईनं माझ्याकडून एक अंडं घेतलेलं नाही. लहान असतात म्हणायची, नाक वर करून!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फळीवर चढले आणि ओरडले, "खोटं! धडधडीत खोटं बोलतेय! परवा हिचे हात धरून रडली ही! आणि तू गं, लालवाली, बुटात काय शोधतेस? बोला की! वीस वीस वर्षं मुठी भरभरून खाल्लंत तिचं!"

"शेजारीण आहे ती," रेमेदियोस साहेबाला म्हणाली. "पेत्रोना, तुझ्या फळीखालीही बघायचं का?"

"बघ! मांजर आहे, पिल्लांसकट! त्यांनाही सील लाव!"

लोक हसले. एवढंच झालं माझ्या ओरडण्यानं.

साहेबानं जप्तीचा कागद फाडून दिला. जप्त केलेला माल तिथल्या तिथे सरकारी भावात विकायचा असा नियम आहे. सरकारी भाव किती? बारा. म्हणजे सातुर्निनानं लावला होता तोच. तपासणीवाल्यांतल्या एका पोरीनं खोकी ओढून टेबल लावलं, ओळखपत्र दाखवा, माणशी एक बाटली. रांग लागली. आणि रांगेत पुढे कोण? जे सगळ्यांत जवळ उभे होते तेच. बहिरी म्हातारी सगळ्यांत आधी. तिच्यामागे पाववाल्याची बायको, मग ग्रिसेल्दाबाई. तेच तेल, त्याच भावात, त्याच बायका. घाईत एकमेकींच्या रंगाच्या बाटल्या उचलल्या, इतकाच काय तो फरक. शी! मला खरोखर ओकारी आली, मी बादलीपाशी जाऊन बसले.

परत आले तर फळीवर सीलची पट्टी लावत होते. सातुर्निना तिथे नव्हती. शोधलं, तर बाई रांगेच्या शेवटी उभी! हातात ओळखपत्र धरून.

"तू इथे काय करतेस?" मी तिचा दंड धरला. "चल इथून. लाज नाही वाटत?"

"घरात तेल नाही," ती म्हणाली.

मला कळेचना. "चार खोकी होती तुझ्याकडे!"

"ती वाटलेली होती ना. मोजून लोकर बांधली होती." आणि वर माझ्यावरच खेकसली, "सोड हात, माझा नंबर जाईल."

ती उभी राहिली. मागून आलेल्या बायका तिला कोपरानं ढकलत होत्या, एक म्हणाली, हिची हिंमत बघा. नंबर आला तेव्हा खोक्यात दोन-तीन बाटल्या उरल्या होत्या. टेबलावरच्या पोरीनं ओळखपत्रावरचं नाव वाचलं, मग जप्तीच्या कागदावरचं वाचलं, मग वर बघितलं.

"साठेबाजांना नाही," ती म्हणाली. "पुढचं कोण?"

सातुर्निनानं ओळखपत्र परत घेतलं, नीट पुसलं आणि पोलक्यात ठेवलं. माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी तिच्यावर चिडले होते, खोटं कशाला बोलू. इतकं सरळ कुणी असतं का? थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि कुणाला द्यावी ते समजत नव्हतं.

तेवढ्यात ग्रिसेल्दाबाई घरी निघाल्या. बाटली पिशवीत, पिशवी छातीशी. आमच्यासमोरून जाताना थांबल्या. वाटलं, आता निदान माफी तरी मागतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि अगदी रोजच्यासारखं विचारलं, "तांदूळ कधी येतोय गं, कासेरिता?"

"गुरुवारी," सातुर्निना म्हणाली. "लवकर ये, ठेवते तुझ्यासाठी." आणि सवयीनं फळीकडे वळली, तेव्हा तिला ती पट्टी दिसली.