भोयरभाऊची गाडी आणि तांब्याच्या वायरी, पाच नग

आमच्या स्टोअर्सच्या काउंटरवर किस्से लिहायचं रजिस्टर नाही, नाही तं आतापर्यंत तीन अलमाऱ्या भरल्या असत्या! सामान इश्यू होऊन जाते, किस्से तिथंच पडून राह्यते. मी रंजना, भिलाईच्या कारखान्यात स्टोअर्स क्लार्क. आज फक्त भोयरभाऊच्या गाडीचे सांगते, कारण बाकी किस्स्यांतली माणसं अजून नोकरीत आहेत!

*

भोयरभाऊ आमचे क्रेन ऑपरेटर. सेक्टर ६ च्या क्वार्टरमागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यायची जुनी लाल स्पोर्ट्स कार, दोनच सीटांची. बदली झालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. घेतली त्याच हप्त्यात कुसुमवहिनीले बसवून दुर्गले निघाले, आणि गाडी अर्ध्या रस्त्यात बसली. वहिनी नव्या साडीत पायी घरी आल्या.

"आता या डबड्यात बसली तं तुमच्या रिटायरमेंटलेच बसीन!"

वहिनी रागात बोलल्या. भाऊनं ते वीस वर्षं धरून ठेवलं.

आमच्याकडं नोकरीच्या शेवटच्या दिवशी माणसाले हार घालतात, बायकोले गेटवर बोलावतात, आणि दोघायले सजवलेल्या गाडीतून घरी पोचवून देतात. या साली भाऊची पाळी होती. त्यायले दुसऱ्याची गाडी नको होती, आपलीच पायजे होती.

पण गाडी दहा मिनिटं नीट चाले आणि गरम झाली की झटके देई. मेकॅनिक म्हणे, "प्लगच्या वायरी सडल्या. करंट बाहेरच्या बाहेर पळून राहिला. बदला."

"रंजनाताई, चौतीस वर्षं तापलेलं लोखंड उचललं," भाऊ मले म्हणाले, "कोणाले धक्का लागू नाही दिला. आन माही गाडी मलेच झटके देते!"

मी चहा मागवला.

*

चार प्लांटवाले जमले की आधी कमिटी बनते. भाऊ, मी आणि आमचे इलेक्ट्रिकल फोरमन डोंगरेभाऊ, अशी वायर कमिटी बसली. कारखान्याच्या रिवाजानं तीन दुकानांची कोटेशनं मागवली. सगळ्यात स्वस्त दुर्गचं, मंग तेच पास.

दुर्गच्या दुकानदारानं जाडजूड लाल वायरी काढल्या. "ले जाओ भैया, गाड़ी उड़ेगी!"

"उडवायची नाही बाप्पा, घरी न्यायची हाय," भाऊ म्हणाले.

घरी येऊन लावून पाह्यल्या, तं चौथ्या प्लगची वायर चांगली वीतभर कमी! डोंगरेभाऊ म्हणे, "थोडी खेचून पाहू."

मी म्हणलं, "जुनी वायर मोजून नेली होती का कोणी?"

कमिटीत तीन मेंबर, टेप एकाकडंही नाही!

*

दुसऱ्यांदा आम्ही जुन्या वायरीच घेऊन रायपूरले गेलो. लांबी बरोबर, जाडी बरोबर, टोपी प्लगवर टक्कन बसली. तेवढ्यात डोंगरेभाऊनं खिशातून मीटर काढलं.

"रिजेक्ट! आत वायर तुटली हाय. हजारानं रेझिस्टन्स दाखवून राह्यली!"

दुकानदारानं दुसरा सेट दिला. तोही रिजेक्ट. तिसराही रिजेक्ट!

"साहब, ये कार की है। इसमें ऐसा ही आता है," दुकानदार हात जोडून म्हणे.

"मले नोको शिकवू! जिंदगी केबल टाकण्यात गेली. वायरमध्ये रेझिस्टन्स कावून पायजे?"

शेवटी डोंगरेभाऊनं तांब्याची वायर आणून आपल्या हातानं पाच वायरी बनवल्या, चार प्लगच्या आणि एक मधली कॉइलची. मीटर शून्यावर आलं, तेव्हाच त्यायच्या गळ्याखाली घास उतरला.

*

तांब्याच्या वायरी लावल्या आणि गाडी काय चालली म्हणून सांगू! सेक्टर १० पर्यंत गेली, आली, एक झटका नाही. भाऊ लहान पोरावानी हासून राहिले होते.

तेवढ्यात वहिनी रेडिओ घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. रेडिओवर नुसती खरखर. भाऊनं ॲक्सिलरेटर दाबला की खरखर वाढे, सोडला की कमी होई.

"तुमची गाडी बरी झाली तं माहा रेडिओ बिमार पडला! सकाळचे भजनं गेले, बातम्या गेल्या. मी बसणार तं नाहीच, घरातबी ठेवू देणार नाही!"

शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "आमचाही!"

डोंगरेभाऊ गाडीकडं पाहत राह्यले, मंग रेडिओकडं. रेडिओत खरखर होऊ नये म्हणूनच कंपनी वायरीत तो रेझिस्टन्स टाकते, ते त्यायले तेव्हा समजलं. तिसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन हळूच म्हणे, "ताई, रिजेक्ट मालाची फेरतपासणी करता येते का?"

*

रायपूरचा सेट आला तेव्हा रिटायरमेंटले तीन दिवस उरले होते. इथं चूक माही झाली, कबूल करते.

तांब्याच्या वायरी मी एकदमच काढल्या, छान गुंडाळल्या, सुतळीनं बांधल्या आणि सवयीनं टॅग लावला, "वायर, तांब्याच्या, पाच नग." कोणती वायर कुठली, ते कोण लिहिणार? स्टोअर्समध्ये नग मोजतात!

प्लगांले करंट वाटणाऱ्या डिस्ट्रीब्युटरवर एकचा आकडा कोरलेला होता. त्याच्यापुढं कोणत्या नंबरच्या प्लगची वायर लावायची, ते कोणाले आठवेना. भाऊ घाबरून कधी दोन म्हणत, कधी चार. कपाळावर घाम, हातात वायरी. मले तं मेल्याहून मेल्यावानी झालं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "एक-तीन-चार-दोन!"

आम्ही वर पाह्यलं. वहिनी भाजी चिरत होत्या.

"वीस वर्षं दर ऐतवारी तेच घोकून राहिले. मले काय कान नाहीत?"

लावल्या तशाच. गाडी पहिल्याच सेल्फले सुरू झाली आणि रेडिओवर भजनही सुरू राह्यलं.

*

शेवटच्या दिवशी डोंगरेभाऊनं गाडी गेटवर आणून उभी केली आणि इंजन बंदच केलं नाही. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. म्हणे, "गरम झाल्यावर झटके देते का, ते पाहतो." एकही नाही दिला.

भोयरभाऊ हार घालून बाहेर आले. त्यायचं लक्ष हारांकडं नव्हतं, रस्त्याकडं होतं.

वहिनी स्कूटीवरून आल्या. नवी साडी, खांद्याले थैली. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेटले हात लावून पाह्यला. भाऊनं दरवाजा उघडला.

"बसतेस ना?"

वहिनीनं थैलीत हात घातला आणि सुतळीनं बांधलेलं भेंडोळं काढलं. माहा टॅग अजून लटकत होता.

"ह्या घेतल्या सोबत. कुठं बंद पडली तं लावा," वहिनी म्हणाल्या आणि साडी सावरून आत बसल्या. "रेडिओ घरीच ठेवला मी."