बाईसाठी आणलेलं मीठ

आमच्या खानदानात इंग्रजी कागद वाचायचं खातं माझ्याकडे आहे. पात्रता म्हणाल तर सेकंड क्लास बी.कॉम., नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात स्टोअरची नोकरी आणि नाकावर चष्मा. विम्याचा फॉर्म असो, गिझरसोबत आलेल्या माहितीपत्रकाची घडी असो की रक्ताचा रिपोर्ट, कागद फिरत फिरत अमरावतीला माझ्या घरी पोचतो. मी चष्मा पुसतो, "हं" म्हणतो, जरा वेळ घेतो. त्या वेळात मला काहीही कळलेलं नसतं, पण समोरच्याला धीर येतो. वीस-पंचवीस वर्षं असं निभावलं. मग ते अंगाशी आलं. माझ्या नाही, बाईच्या.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, हिवरखेडला दिलेली. पायावर सूज यायला लागली म्हणून तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. भाऊजी होते, मी होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला आणि माझ्याकडे पाहून, कारण चष्मा माझ्याच नाकावर, म्हणाले, "किडनी वीक आहे. रीनल डाएट ठेवा. कागदावर सगळं लिहिलंय." बाई शेजारच्या स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं ते फक्त सूज दाबताना.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"पथ्य सांगतलं."

"कोनतं?"

"वाचून सांगतो." म्हणजे माझं ठरलेलं उत्तर.

कागदावर दोन गोष्टी होत्या. मीठ कमी, हे समजलं. पोटॅशियम कमी, यापाशी गाडी अडली. शाळेत पोटॅशियम परमँगनेट ऐकलं होतं. गावात पूर्वी विहिरीत टाकायचे, ते जांभळं औषध. म्हटलं, बाई ते कशाला खायला जाते? तो प्रश्न मी तिथंच निकालात काढला. हसू नका. कागद देणाऱ्यानं त्या शब्दाखाली "बटाटा, पालेभाजी, नारळपाणी" एवढं लिहिलं असतं, तर मीही अडलो नसतो.

उरलं मीठ. रात्री फोन घेऊन बसलो. एकानं सांगितलं, नारळपाण्यानं किडनी धुऊन निघते. दुसरा म्हणाला, नारळपाणी म्हणजे मरण. तिसऱ्यानं पांढरा कोट घातला होता आणि तो कसलंसं चूर्ण विकत होता. चौथा मात्र मला पटला. तो हळू बोलत होता, चष्मा होता, मध्येमध्ये "हं" म्हणत होता. साधं मीठ विष आहे, कमी सोडियमचं घ्या, असं त्याचं म्हणणं. मोठ्या दुकानातून दोन पाकिटं आणली आणि रविवारी एसटीनं स्वतः हिवरखेडला नेऊन दिली. बाईच्या मिठाच्या डब्यातलं जुनं मीठ माझ्या हातानं काढलं, नवं भरलं.

"साळा असावा तं असा," भाऊजी म्हणाले. मी फुगलो.

बाईनं बोटानं चाखलं. "याले चवच नाई बाप्पा. कडसर लागते."

"औषध कडूच असते बाई."

चव येईना म्हणून ती दोन चिमट्यांच्या जागी चार टाकू लागली. हे मला मागाहून कळलं. त्या दिवसांत मी सगळ्यांना फोन करून सांगत होतो की बाईच्या पथ्याचं मी पाहून राहिलो, काळजी करू नका.

तीन आठवड्यांनी भाऊजींचा फोन आला. "बाई पाटावरून उठून नाई राहिली. पायात जीवच नाई म्हने." त्यांनी गाडी करून तिला अकोल्याला आणलं, मी बडनेऱ्याहून गाडी धरली. पोचलो तेव्हा तिच्या छातीवर तारा लावलेल्या होत्या आणि दोन सिस्टर पळत होत्या. हाताच्या शिरेतून इंजेक्शन चाललं होतं. बाईचे डोळे उघडे होते. मला पाहून म्हणाली, "जेवला का?"

डॉक्टर माझ्यावर कडाडले. "पोटॅशियम किती वाढलंय! काय खायला घालता तुम्ही यांना?"

मी एकेक पदार्थ सांगत गेलो आणि शेवटी, खोटं कशाला बोलू, जरा अभिमानानंच, त्या मिठाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यात सोडियम काढून पोटॅशियमच घातलेलं असतं! हृदय बंद पडलं असतं यांचं. कागदावर लिहून दिलं होतं ना?"

"लिहिलं होतं," मी म्हटलं. "कळलं नव्हतं."

हे वाक्य पूर्ण होईपर्यंत ते पुढच्या पलंगापाशी गेले होते.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी बाईच्या पायात थोडी ताकद आली. मग एक सिस्टर, पोरगीच म्हणायची, औषध देता देता सांगू लागली. भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पानी फेकून द्या. भेटायला येणाऱ्याईले सांगा, शहाळं आणू नका. ते मीठ तं घरातच ठेवू नका. पाच मिनिटं लागली तिला. पाचच. त्या रात्री मी फोनवर जे हुडकत होतो ते या पोरीला तोंडपाठ होतं.

"हे समदं पुस्तकात हाये ना काका. तुमाले नाई भेटलं?"

"कोनतं पुस्तक?"

तिनं काउंटरकडे बोट दाखवलं. तिथल्या मॅडमनी मागचं लोखंडी कपाट उघडलं. आत गठ्ठे होते. मराठी पुस्तिका, मोठी अक्षरं, भाज्यांची चित्रं. वरच्या गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. त्यांनी एक ओढून काढली आणि हसून माझ्यापुढे सरकवली.

"मागितलं की देतो आम्ही. कोणी मागतच नाही."

मी तिथंच उभं राहून उघडली. सातव्या पानावर मिठाच्या पाकिटाचं चित्र, त्यावर फुली, खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: किडनीच्या रुग्णांनी हे मीठ वापरू नये. सातवं पान. बाईच्या पलंगापासून ते कपाट वीस पावलांवर होतं, आणि पहिल्या दिवशीही मी त्याच काउंटरवर कोपर टेकवून उभा होतो.

मी आयुष्यात कोणावर ओरडलेलो नाही. घरात तर माझ्यावर ओरडायची पद्धत आहे. पण त्या दिवशी माझा आवाज कुठून निघाला मला माहीत नाही. "आहे हेच ज्याला माहीत नाही तो मागेल कसं? कपाटाला विचारायचं काय, बाबा, तुझ्या पोटात काय आहे म्हणून?"

"काका, हळू बोला. इथे पेशंट आहेत."

"पेशंट आहेत म्हणूनच तं ओरडून राहिलो!"

चष्मा खाली पडला. वॉचमन आला, त्यानं तो उचलून दिला आणि मला दंडाला धरून जिन्यापाशी नेऊन बसवलं. बिचारा पाणीही घेऊन आला. डॉक्टरांचा राग आला, त्या हळू बोलणाऱ्या फोनवाल्याचा आला, पाकिटामागं मुंगीएवढ्या अक्षरात इशारा छापणाऱ्यांचा आला. घोटभर पाणी प्यायल्यावर त्या रांगेत माझा स्वतःचा नंबर लागला, आणि तो राग मात्र पाण्यासोबत उतरेना. डॉक्टरांना त्याच वेळी "साहेब, हा शब्द काय?" असं विचारायला मला किती सेकंद लागले असते? पण मग खानदानातल्या इंग्रजी वाचणाऱ्या माणसाचं काय राहिलं असतं?

उठून आत गेलो. बाई उशीला टेकून बसली होती. मी पुस्तिका उघडली, चष्मा पुसला आणि नेहमीच्या सुरात सुरू केलं, "हं, तर यात असं आहे..."

तिनं हात पुढे केला. "आण इकडे. मराठीच हाये ना?"

"हाओ."

"मंग मले वाचता येते. सातवी पास हावो मी."

ओळीखाली बोट ठेवून तिनं वाचलं. सातवं पान आलं तशी ती थांबली. भाऊजी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"हे मले काहून नाई सांगतलं कोनी?" आवाज मोठा नव्हता. "डॉक्टर तुयाकडे पाहून बोलला. तू यायच्याकडे," भाऊजींकडे मान करून ती म्हणाली, "पाहून बोलला. रांधनारी मी, खानारी मी. मी काय मुकी हावो?"

"बाई, मले वाटलं..."

"तुले कळलं नव्हतं तं नाई कळलं म्हनाचं. त्यात काय जीव जाते?" मग तीच म्हणाली, "गेला असता. माया."



दवाखान्यातून सुटी व्हायच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाई बसली, दुसरीवर तिची पिशवी. मी आणि भाऊजी भिंतीला लागून उभे. डॉक्टरांनी सवयीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तर आता यांना..."

"डॉक्टरसाहेब," बाई म्हणाली, "इकडे पाहा. मले सांगा."

ते थबकले. तिनं पुस्तिका काढली. जागोजागी पानं दुमडलेली होती.

"आमच्याकडे तुरीचं वरन रोज असते. किती वाट्या चालन?"

"एक छोटी वाटी. दिवसातून एकदा."

"लहान म्हंजे केवढी? तुमच्या घरची का आमच्या घरची?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग टेबलावरचा औषध मोजायचा प्लास्टिकचा ग्लास उचलला आणि असे किती ग्लास म्हणजे एक वाटी ते तिला दाखवायला लागले. तिनं दोनदा विचारून घेतलं. भेंडीचं विचारलं, हरभऱ्याच्या भाजीचं विचारलं, पुस्तकात नसलेल्या अंबाडीचं विचारलं. अंबाडीवर ते जरा अडखळले. "बघून सांगतो," म्हणाले. बाईनं पालेभाज्यांचं पान पुन्हा दुमडून ठेवलं.

दार उघडून कंपाउंडरनं पुढचा नंबर पुकारला. बाहेरचे लोक उठले, आत डोकावले. बाई खुर्चीवरून हलली नाही.

"थांब रे जरा," ती त्याला म्हणाली. "मायं अजून व्हायचं हाये."